शिवूची पाटी

सांगलीत गणपतीची चाहूल चतुर्थीच्या आधीच लागते, मंदिरात गाजावाजा न करता आधीच बसवतात तो चोर गणपती बसला की पेठेत गर्दी वाढायला लागते, आणि आमच्याकडं सूनबाई स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या पाटीवर नवीन चित्रं चिकटवायला घेते. ढोलाचं, पाहुण्यांचं, आरतीचं, कानाला लावायच्या इअरमफचं. आज पाचवा दिवस, संस्थानच्या गणपतीचं विसर्जन, म्हणून ढोलाचं चित्र कालपासून शिवूला दाखवतोय.

शिवू माझा नातू. नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे.

मी सगळी नोकरी एसटीत केली, कंडक्टर म्हणून. फलाटाला पाटी नसलेली गाडी लागली की काय होतं ते मी आयुष्यभर बघितलंय. माणसं सैरभैर होतात, ही कुठं जाणार, कधी सुटणार, थांबा घेणार का, चांगली शहाणी माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात. शिवूचा अख्खा दिवस म्हणजे तसली बिनपाटीची गाडी होती. थेरपिस्ट ताईंनी चित्रांचा बोर्ड करायला सांगितला तेव्हा बाकीच्यांना समजायला वेळ लागला पण मला लगेच पटलं, आणि तेव्हापासून घरात सगळे त्याला पाटीच म्हणतात.

करायचं एवढंच की दात घासणं, आंघोळ, नाश्ता, शाळा, आमराईत झोपाळा, जेवण, झोप असं एकेकाचं चित्र वेल्क्रोनं ओळीनं लावायचं, काम झालं की ते चित्र त्यानं स्वतः काढून खालच्या डब्यात टाकायचं. तो डब्यात टाकतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, एक काम खरंच संपलं हे त्याच्या हाताला कळतं. आणि एक लाल कार्ड आहे, ते बदलाचं. पाऊस लागला, आमराई रद्द, की आमराईच्या चित्रावर लाल कार्ड आणि शेजारी घरातल्या खेळाचं चित्र. नुसतं तोंडानं सांगितलं तर शब्द हवेत जातात, चित्र जाग्यावर राहतं, त्याला परत परत जाऊन बघता येतं. सुरुवातीला लाल कार्ड आम्ही मुद्दाम चांगल्या बदलांना वापरलं, म्हणजे अभ्यासाच्या जागी झोपाळा, मग हळूहळू नावडत्या बदलांना, नाहीतर लाल रंग बघूनच पोरगं घाबरलं असतं.

लोक म्हणतात फार लाड करताय, एका लग्नात एका पाहुण्यानं तर दोन फटके द्या म्हणून सांगितलं. मला हे मनापासून लागतं म्हणून इथं नीट लिहून ठेवतो. हट्ट करणारं पोरगं रडता रडता आपल्याकडं बघत असतं, आईचं लक्ष आहे का, वस्तू मिळाली की गप्प होतं. शिवूचं तसं नसतं. मंगल कार्यालयात बँड, लाईटी, अत्तराचा वास, गालाला हात लावणाऱ्या मावश्या हे सगळं एकदम अंगावर येतं आणि त्याचं डोकं ते पेलत नाही, मग तो कान दाबून जमिनीवर बसतो, ओरडतो, स्वतःचा हात चावतो. त्या वेळी त्याला काही नको असतं, त्यातनं फक्त बाहेर पडायचं असतं. अशा वेळी समजूत घालत बसायचं नाही, कारण आपलं बोलणं म्हणजे अजून एक आवाज. शांत खोली, लाईट बंद, जाड गोधडी, आणि आपण जवळ पण हात न लावता बसायचं. वेळ लागतो. लागू दे.

म्हणून आज सकाळी गर्दी व्हायच्या आत आम्ही दोघं मंदिरात जाऊन आलो, तिथनं घाटावर, पाणी बघत त्यानं भडंग खाल्लं. भडंगातला लसूण एकेक बाजूला काढून ठेवतो, पण खातो. ज्या पोराचं जेवण दहीभात आणि बिनतिखटाची पोळी एवढंच होतं त्यानं भडंग खाणं म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच विचारा.

संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाचा डीजे होता. मंडळाची पोरं गेल्या वर्षी माझ्याकडं आली होती, आबा, शिवूला त्रास होतोय का, बंद करू का म्हणून. मी म्हणलं बंद नका करू रे, तुमचा सण आहे, फक्त कधी सुरू करणार आणि कधी थांबवणार ते आधी सांगा. तर आज चार वाजताच एकजण दारात येऊन सांगून गेला, आबा, सातला लावतोय, तुमच्या दारासमोर न थांबता पुढं घेतो. झालं, सातच्या जागी ढोलाचं चित्र, त्याच्या शेजारी इअरमफ, त्याच्यापुढं जेवण. सात वाजले, काच हादरायला लागली, शिवूनं इअरमफ घातला, मागच्या खोलीत गेला आणि तिथनं ओरडला, पुढं सरका, पुढं सरका! डीजे पुढं गेला. सूनबाई हसता हसता रडायला लागली.

तो असाच बोलतो. ऐकलेलं जसंच्या तसं. कुठं जायचं असलं की 'मिरज मिरज मिरज', निघायचं असलं की 'डबल बेल', हे माझ्याकडनं उचललेलं. तहान लागली की मला म्हणतो, तुला पाणी पाहिजे? कारण पाणी देताना आम्ही तसं विचारतो. पूर्वी वाटायचं पोपटपंची आहे, तर ताई म्हणाल्या तो अर्थ लावूनच बोलतोय, तुम्ही त्याच्या तोंडचं वाक्य म्हणून दाखवा, 'मला पाणी पाहिजे', आणि लगेच पाणी द्या. आता कधी कधी 'मला' येतं.

मुलानं मोबाईलवर एक माहिती वाचून दाखवली ती मनातनं जात नाही. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांबद्दल लिहिलं, तिथनं ऑटिझमचं निदान सुरू झालं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, तोसुद्धा 'मला'च्या जागी 'तुला' म्हणायचा! त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना ३३ पानी पत्र लिहून मुलाचं सगळं बारीकसारीक कळवलं होतं. तो पुढं कॉलेज शिकला, गावातल्याच बँकेत नोकरी केली, गाडी चालवायचा, एकटा देशोदेशी फिरला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. घरचे पैसेवाले होते हे खरं, पण त्या छोट्या गावानं त्याला आपला मानलं होतं, हेही तितकंच खरं. प्रत्येक मूल डोनाल्ड होत नाही, शिवू काय होईल कुणी सांगू शकत नाही, पण मला त्या गावाचं कौतुक वाटतं.

सूनबाईला लोक अजून ऐकवतात, नोकरी करती म्हणून पोरगं असं झालं. एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईलाच दोष द्यायचे, ते कधीच मोडीत निघालंय, आमच्या नात्यात मात्र जिवंत आहे. तसंच लसीचं. लसीमुळं ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लेख छापणाऱ्या मासिकानंच २०१० मध्ये मागं घेतला, तरी व्हॉट्सॲपवर फिरतोय. आणि महिन्यात बरं करतो म्हणणारे आहेतच. ऑटिझम घालवणारं औषध नाही. झोप, चिडचिड, फिट यांना औषधं असतात, ती डॉक्टरांनीच द्यायची. बाकी स्पीच थेरपी, रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून ऑक्युपेशनल थेरपी आणि घरातली रोजची मेहनत.

कागदपत्रांचं काम माझ्याकडं आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, सर्टिफिकेटसाठी चाळीस मुद्द्यांची तपासणी होते, मग यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी आळस करू नका.

राहिला एक विषय जो घरात कुणी काढत नाही. शिवू अठराचा झाला की कायद्यानं सज्ञान, मग त्याच्या वतीनं सही कोण करणार? १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करायचा. मुलगा म्हणतो आबा अजून नऊ वर्षं आहेत. माझ्या वयाला नऊ वर्षं म्हणजे किती ते मला माहीत आहे. आईबापानंतर कोण, हेही आत्ताच ठरायला पाहिजे. पुण्याची लेक दिवाळीला येणार आहे, तिला शिवूचं कळतं, शिवूही तिच्या मांडीवर बसतो. ती आली की मुलगा, सूनबाई, जावई सगळ्यांना एकत्र बसवून मीच विषय काढणार आहे.