बोलोन्यात तोर्तेल्लीनी शिकताना

शिक्षणासाठी इटलीतील बोलोन्याला असताना ज्या घरात मी खोली घेतली होती, तेथील सिन्योरांनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, नाताळच्या आधीच्या आठवड्यात मला तोर्तेल्लीनी, म्हणजे मांसाचे सारण भरून वळलेला छोटा पास्ता, करायला बसवले. नातवंडे त्यांना नोन्ना, म्हणजे आजी, म्हणत. मी मात्र शेवटपर्यंत सिन्योराच म्हणत राहिले.

सारणाने मला फारसे अडवले नाही. डुकराच्या पाठीचे मांस, प्रोश्शुत्तो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज), पार्मिजानो चीज, अंडे आणि जायफळ हे त्यातील जिन्नस, आणि बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ७ डिसेंबर १९७४ रोजी नोंदवलेल्या पाककृतीतही तेच आहेत. सारण आदल्या दिवशी करून मुरू द्यायचे, एवढे पथ्य पाळले की झाले.

खरी परीक्षा होती ती स्फोल्याची, म्हणजे पारीची. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, पाणी अजिबात नाही, हे प्रमाण तिकडे सर्वांना पाठ असते; पण सिन्योरा वजन करत नसत, अंडी फोडल्यावर त्यांचा आकार पाहून पिठाचा हात आखडता किंवा सैल ठेवत. पाव तास मळून अर्धा तास झाकून ठेवलेला गोळा मी पोळपाटावर पोळी लाटावी तसा जोर देऊन लाटू लागले, तेव्हा त्यांनी माझी मनगटे धरून मला थांबवले. जवळपास एक मीटर लांबीच्या, मुठी नसलेल्या त्या लाटण्यावर पारीची कड गुंडाळायची आणि दोन्ही तळहात मध्यापासून टोकांकडे सरकवत ती ताणायची असते. नुसत्या दाबाने ती पातळ होत नाही, चिवट होते. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, माझ्या हातांवर हात ठेवून त्यांनी चार-पाच वेळा ती हालचाल करून घेतली, आणि मगच मला ती कळली. पारीतून सान लुकाचे देऊळ दिसले पाहिजे, असे बोलोन्यात म्हणतात. शहराबाहेरच्या टेकडीवरचे ते देऊळ आमच्या खिडकीतून दिसत नव्हते, तरी सिन्योरांनी पारी उजेडासमोर धरून पाहिलीच.

तीन-साडेतीन सेंटिमीटरचे चौकोन कापून, हरभऱ्याएवढे सारण ठेवून, त्रिकोणी दुमडायचे आणि बोटाच्या टोकाभोवती वळवून दोन्ही टोके चिकटवायची. माझा पहिला घाणा उकळत्या पाण्यात उघडला, कारण सगळे चौकोन मी एकदम कापून ठेवले आणि त्यांच्या कडा वाळल्या. ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, करताना पारी जरा सुकू द्यावी लागते, येथे मात्र ती ओलसरच हवी. म्हणून थोडीच कापायची आणि बाकीची फडक्याखाली ठेवायची. करंज्यांच्या लाट्या ओल्या फडक्याखाली झाकायला माझ्या आजीने मला लहानपणीच शिकवले होते, आणि तेच मी येथे विसरावे याचे मला फार वाईट वाटले.

नाताळच्या दिवशी कोंबड्याच्या आणि गाईच्या मांसाच्या, कित्येक तास मंद आचेवर शिजलेल्या रश्श्यात आमच्या तोर्तेल्लीनी पडल्या. माझ्यापैकी दोनच उघडल्या.

निघताना मी सिन्योरांच्या आईचे लाटणे हातात घेऊन पाहिले. ते थोरल्या नातीकडे जायचे आहे, असे त्यांनी आधीच ठरवले होते, आणि ते मला अगदी योग्य वाटले. पुण्यात परतल्यावर मी सुताराकडून तेवढ्याच लांबीचे लाटणे करून घेतले.