तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर लोक मेल का बघत नाहीत

नवीन एचआरवाले विचारतात, रेसिडेंट विचारतात, आयटीतला माझा दीर तर दर गणपतीत विचारतो, "वहिनी, सगळ्यांना ऑफिशियल मेल आयडी दिलेत ना, मग तुमच्या सिस्टर लोकांना बघायला काय होतं?" आता एकदाच लिहून टाकते.

मी मेलच्या विरोधात नाही हो. आमच्या मजल्यावर मेलचं ट्रेनिंग मीच दिलं. व्हॉट्सअॅपवर पेशंटच्या रिपोर्टचे फोटो फिरतात ते मला आधीपासून खटकायचं, 2023चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आला तेव्हा बोलायला जोर आला. मुलींना सांगायचे, ड्युटीत दोनदा मेल उघडा, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटं म्हणे! वॉर्डात 32 बेड, कॉम्प्युटर एक, त्यावरच सामान मागवायचं इंडेंट, लॅब रिपोर्ट, डिस्चार्जचं बिल. पासवर्ड 90 दिवसांनी बदला, त्याचा ओटीपी मोबाइलवर, आणि मोबाइल ड्युटीत लॉकरमध्ये ठेवायचा हा नियमही हॉस्पिटलचाच. नाइट संपवून दादरला धावत बदलापूर लोकल पकडणारी मुलगी गाडीत मेल वाचेल की डुलकी काढेल?

आता एक गोष्ट हेपारिनची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या इंजेक्शनची. त्याची 5 मिलीची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, दोन ताकदीची येते, एकीत मिलीला 1000 युनिट, दुसरीत 5000. आमच्याकडे कायम 1000वालीच असायची. तो स्टॉक संपला, फार्मसीने दुसरी दिली आणि सगळ्यांना मेल टाकला. दोन दिवसांनी नाइटला एका ज्युनिअर मुलीने 5000 युनिटची ऑर्डर वाचली, हाताला सवय होती तशी अख्खी 5 मिली सिरिंजमध्ये भरली, म्हणजे 25,000 युनिट. अशा औषधाला दुसऱ्या सिस्टरने तपासायचं असतं, नशीब की तिने नुसती सही ठोकली नाही, व्हायल ट्यूबलाइटसमोर धरली आणि ओरडली, "अगं थांब, ही पाच हजारवाली आहे!" पेशंटला थेंब गेला नाही. पोरीने सकाळी स्वतःच चूक कळवायचा इन्सिडेंट फॉर्म भरला, थरथरत्या अक्षरात, कोणी सांगितलं नव्हतं तिला. मीटिंगमध्ये "मेल पाठवला होता" हे वाक्य तीनदा आलं आणि मेमो तिला मिळाला.

तो मेल मी उघडला होता. मंगळवारी अकराच्या सुमाराला क्लिक केला, तेवढ्यात सरांचा राउंड आला म्हणून बंद केला, मग त्याची ठळक अक्षरं गेली आणि माझ्या लेखी तो मेल संपला. वॉर्डाच्या निरोपांच्या वहीत, कम्युनिकेशन बुकात, लाल पेनाने एक ओळ लिहिली असती तर पुढचं काही झालंच नसतं. मीटिंगमध्ये मी हे बोलले नाही. मी म्हणाले, "ट्रेनिंग तर दिलं होतं मी." अजून ते वाक्य आठवलं की घास उतरत नाही.

मग वहीच बरी म्हणायची का? तेही नाही. सर्क्युलरखाली एकाच पेनाने तिघींच्या सह्या मी स्वतः बघितल्यात, न वाचता केलेल्या. मेलवर निदान तारीख-वेळ तरी राहते, "तोंडी सांगितलं होतं" असं म्हणून कोणी आमच्या गळ्यात मारू शकत नाही. म्हणून मुलींच्या मागे मी अजूनही लागते, पासवर्ड बदलून घेते, आणि पाठवणाऱ्यांवरही चिडते, कारण त्यांचं काम सेंड दाबलं की संपतं आणि आमचं वाचणं ड्युटीच्या तासांत कुणी धरतच नाही.

सध्या औषधाचा मेल आला की प्रिंट काढून ट्रॉलीवर चिकटवते आणि हँडओव्हरला मोठ्याने वाचते. दीर म्हणतो, मग मेल कशाला? गेल्या आठवड्यात एक मेल आलाय, विषय असा की इन्स्पेक्शन आहे, ट्रॉलीवर कागद चिकटवू नयेत. तो मी अजून उघडलेला नाही.