पोस्टातलं हरवलेलं भित्तिचित्र शोधताना: माझा अनुभव

अमेरिकेत मंदीच्या काळातलं पोस्टातलं भित्तिचित्र शोधायचं असेल तर ‘डब्ल्यूपीए’च्या, म्हणजे बेकारांना काम देणाऱ्या तेव्हाच्या सरकारी योजनेच्या, कागदांत वेळ घालवू नका. यातली बहुतेक चित्रं 1934 ते 1943 या काळात ट्रेझरी (अर्थ) खात्याच्या ‘सेक्शन’ने, म्हणजे सरकारी इमारतींसाठी कलाकृती करून घेणाऱ्या विभागाने, करून घेतली.

मी न्यू जर्सीतल्या एका लहान गावचं चित्र शोधत होते. फाइल सहज मिळाली: मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कचं राष्ट्रीय अभिलेखागार, रेकॉर्ड ग्रुप 121. चित्रकाराचं नाव माहीत नसलं तरी चालतं, राज्य आणि गाव सांगून मागा. चित्रकाराला पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे, त्यामुळे पत्रव्यवहार भरपूर सापडतो. माझ्या फाइलीत तर भिंतीवर बसवलेल्या चित्राचा फोटोही होता.

अडलं ते पोस्टाच्या मालमत्ता बघणाऱ्या एका कार्यालयात. इमारत कधीच विकली गेली होती. “इमारत आमची नाही, म्हणजे चित्रही आमचं नाही,” हे उत्तर. वास्तविक इमारत विकताना पोस्टखातं चित्राची मालकी सहसा स्वतःकडेच ठेवतं आणि नव्या मालकाशी उसनवारीचा करार करतं. हे लेखी कळवलं, तर एक फॉर्म आला. त्यात चित्राचा नोंदक्रमांक भरायचा होता, आणि तो क्रमांक त्यांच्याच नोंदवहीत! फोन केला की दुसऱ्या विभागाकडे, तिथून पुन्हा पहिल्याकडे. कुणीतरी महिनोन्महिने खपून काढलेलं, जनतेच्या पैशाचं चित्र, आणि ते कुठे आहे हे बघायला कुणी कपाट उघडायला तयार नाही. आजही आठवलं की संताप होतो.

शेवटी मी चित्राचं नावच काढलं नाही. इमारतीच्या विक्रीच्या वेळचा उसनवारीचा करार तेवढा मागितला. तो मुकाट्याने आला! कॅनव्हास उतरवून, गुंडाळून नगरपालिकेकडे दिल्याची नोंद त्यात होती. नगरपालिकेच्या गोदामात ती गुंडाळी बघितली तेव्हा इतका आनंद झाला की सोबतच्या कर्मचारी बाईंना मी मिठीच मारली.

एक राहिलं. असं चित्र सापडलं तर स्वतः उलगडू नका. ही बरीचशी चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात काढून पांढऱ्या शिशाच्या चिकट लेपाने भिंतीला डकवलेली असत. तो लेप पाठीला राहिलेला असू शकतो आणि शिसं विषारी. आमची गुंडाळीही संवर्धक येईपर्यंत बंदच आहे. आणि जुन्या फोटोची प्रत सोबत ठेवा, संवर्धक पहिल्यांदा तीच मागतात.