राग कुणाच्या खात्यावर

"आत्ताच पॅचवर गेलीयेस ना, त्यामुळे होतंय तुला. शांत हो."

ताई एवढंच म्हणाली. (पॅच म्हणजे इस्ट्रॅडिओलची, बायकी हार्मोनची, कातडीवर चिकटवायची पट्टी.) टोमणा नव्हता. मायेनं म्हणाली, आणि म्हणूनच जास्त लागलं. टोमण्याला उत्तर देता येतं. मायेला काय उत्तर देणार?

कारण तोच फोटो, माझा जुना, मला मुलगा म्हणायचे तेव्हाचा. ग्रुपवर परत. खाली मावशीचं बदाम, काकांचा अंगठा, आणि बाबा नेहमीसारखेच... जाऊ दे, बाबांचं आज नको.

मी फोन करून म्हटलं, तुला मागेही सांगितलं होतं, हा टाकत जाऊ नकोस. आवाज चढला माझा, हो. मग बोलता बोलता घसा दाटून आला आणि तिथेच सगळं हातातून गेलं. आपण रडायला लागलो की समोरच्याला आपली काळजी वाटायला लागते, आणि मुद्दा राहतो बाजूला. मग आलं ते पॅचचं वाक्य.

फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट काय केली? कॅलेंडर उघडलं. पॅच बदलायचे माझे वार सोमवार आणि गुरुवार. भांडण झालं बुधवारी रात्री. म्हणजे पॅच संपत आलेला, पातळी उतरलेली. म्हणजे ताईचं खरं?

ती म्हणाली त्याचं तर वाईट वाटलंच. पण ती म्हणाल्याबरोबर मी पुरावा शोधायला गेले, ते जास्त खुपतंय. कुणी सांगितलं नव्हतं मला तपासायला.

याच हार्मोनच्या गोळ्यांवर होते तेव्हा हा त्रास नव्हता असं नाही, पण त्याची लय मला पाठ झाली होती. गिळली तर तिचा बराचसा भाग यकृतातून जाताना इस्ट्रोन, म्हणजे त्याच हार्मोनचं कमजोर रूप, होऊन बसतो. जिभेखाली ठेवली तर पातळी तासाभरात उंच चढते आणि काही तासांत तितक्याच घाईनं खाली येते. मी जिभेखालीच ठेवायची. दुपारी चारच्या सुमाराला जग जरा फिकट व्हायचं, मी म्हणायची, हां, आली वेळ, आणि दुसरी घ्यायची. पण डॉक्टरांनी वय बघितलं, अर्धशिशी बघितली आणि गोळी बंद केली. कारण पटण्यासारखंच होतं. तोंडावाटे घेतलं की यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं, त्वचेतून घेतलं तर तो धोका बराच कमी. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मी घातलाही नाही. फक्त ओळखीची लय गेली आणि आता प्रत्येक मूडकडे मी संशयानं बघते.

आज संध्याकाळी जुना पॅच काढला. तीन दिवसांत त्याची एक कड उचकटून तिथे कपड्याचे धागे चिकटलेले, आणि काढल्यावर पोटावर चिकाची राखाडी चौकट उरली. पाण्यानं जात नाही ती. तेलाचं बोट फिरवून पुसायची, मग नवीन पॅच दुसऱ्या बाजूला, कोरड्या कातडीवर, तळहातानं दाबून धरायचा. कमरपट्टा घासेल तिथे नाही, छातीवर तर नाहीच. दाबून धरलेले ते दहा सेकंद मी रोज स्वतःला बजावते, (रोज कसलं, आठवड्यातून दोनदा) की यात काही जादू नाही, औषध आहे, झिरपायला वेळ घेणार. तरी हात काढल्यावर वाट बघतेच. आता बरं वाटेल. आता.

रिपोर्टचा आकडा गेल्या वेळी थोडा खाली आला होता. एंडोक्राइन सोसायटीच्या, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम हवं आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या आत. टेस्टोस्टेरॉन आत होतं, इस्ट्रॅडिओल शंभरीला टेकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, औषधाचा मार्ग बदललाय, शरीराला बसू दे, पुढच्या तपासणीत बघू. मी विचारलं, यानं चिडचिड होते का? त्या म्हणाल्या, पातळी वरखाली झाली की काहींना होते, काहींना काहीच जाणवत नाही. मग म्हणाल्या, रिपोर्टवरून तुझा मूड मला वाचता येत नाही.

तेव्हा हे वाक्य मला उडवाउडवीचं वाटलं होतं. आता वाटतं, निदान त्या बाईंनी कबूल तरी केलं.

गंमत बघा, रक्त द्यायचं तर किती काळजी. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या आधीच बंद करायच्या, नाहीतर काही यंत्रांवर आकडा चुकीचा येतो. जेल लावणाऱ्यांनी ज्या दंडाला जेल लावलं त्या हातातून रक्त द्यायचं नाही, कातडीवरचंच औषध सुईत येतं. पॅच कधी बदलला तेही लिहून ठेवायचं. एक थेंब खरा कळावा म्हणून एवढी खबरदारी. आणि माझा राग खरा की खोटा हे ताईनं फोनवर अर्ध्या मिनिटात ठरवलं, मी तिच्याहून कमी वेळात.

बरं, आधीचा राग? हे काही सुरू करण्याच्या आधी, शरीरात जे होतं ते भरपूर होतं तेव्हा, मी दारं आपटलीयेत, जेवणाच्या ताटावरून उठून गेलेय, एकदा तर काकांना असं काही बोललेय की ते वर्षभर आले नाहीत. तेव्हा घरात काय म्हणाले? "त्याला राग आलाय, कुणी बोलू नका त्याच्याशी." बास. टेस्टोस्टेरॉन किती आहे बघून ये रे, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्या रागाला कुणी कारण विचारलं नाही. तो सरळ माझ्या नावावर जमा व्हायचा, आणि घर पायाच्या चवड्यांवर चालायचं. आताचा राग निम्म्यानंही नाही, आणि त्याला कारण आहे, चांगलं फोटोएवढं ठळक कारण आहे. पण तो जमा होतो औषधाच्या खात्यावर. माझ्या खात्यावर काय, नुसतं रडणं?

इथपर्यंत लिहिलं आणि स्वतःची फार कीव आली. उठून एक फेरी मारून आले. (स्पायरोची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळीची कृपा. तिनं लघवी वाढते, रात्री त्या फेऱ्या चुकत नाहीत.) आणि त्या फेरीत मला भावजी आठवले.

भावजींचं एक पेटंट वाक्य होतं. ताई कशावरही बोलली, पैशांवरून, त्यांच्या आईवरून, गाडी कशी चालवता यावरून, की हे माणूस आमच्याकडे बघून हसून म्हणायचं, "तारीख जवळ आली वाटतं." ताईच्या नाकपुड्या फुगायच्या. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, दिवाणखान्यात, पुरुषांच्या बाजूला बसून. ताई मग आत निघून जायची आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज यायचा. आणि आता त्याच ताईनं तेच वाक्य, तारखेच्या जागी पॅच घालून, माझ्या हातात ठेवलं. तिच्या ते लक्षातही आलं नसणार. इतकी वर्षं ऐकून तोंडात बसलेलं असणार.

म्हणजे मला रीतसर आत घेतलं म्हणायचं. प्रमाणपत्र, नावातला बदल, ते सगळं ठीक. पण बाईचा राग शरीरावर ढकलायची जी पद्धत आहे, त्यात आता माझाही नंबर लागला. यापेक्षा पक्की नोंद कुठे होणार? हसू आलं मला. कडवट होतं, पण आलं.

आणि खरं सांगायचं तर औषधाच्या खात्याची सोय मलाही आहेच. त्या दिवशी मीटिंगमध्ये गप्प बसले ते पॅचमुळे. ताईला उलट मेसेज केला नाही तेही पॅचमुळे. चिडले ते माझं नाही म्हणायला जागा असली की भ्याले तेही माझं नाही म्हणता येतं. ही सोय सोडायची का, हा विचार मी आज मुद्दामच पुरा करत नाहीये.

बुधवारी पातळी उतरलेली असेल. असेलही. उतरलेली पातळी आवाज चढवत असेल, डोळ्यांत पाणी लवकर आणत असेल, तेवढं मी मान्य करते. पण फोटो तिनं टाकला. पातळी दोनशे असती तरी तो फोटो तोच राहिला असता. मी फक्त जरा गोड आवाजात तेच म्हटलं असतं, आणि तिनं आणखी एक हार्ट टाकून विषय संपवला असता. कदाचित शंभरच्या खाली असतानाच मला ते नीट म्हणता आलं. हा विचार आवडला मला, पण फार आवडला म्हणून त्याच्यावरही थोडा संशय आहे.

यात आणखी एक. मध्यंतरी ताईनंच विचारलं होतं, "तुझा तो पॅच घामानं निघत नाही ना?" तिच्या अंगातून वाफा येतात, रात्री दोनला उठून पंखा वाढवते, आणि तिच्या डॉक्टरांनीही आता इस्ट्रॅडिओलच सुचवलंय. तेच औषध, फक्त डोस माझ्यापेक्षा बराच लहान, आणि गर्भाशय असल्यामुळे जोडीला प्रोजेस्टेरॉन. मी तिला सगळं सांगितलं होतं, तेलाच्या बोटासकट. जरा मोठेपणानंच सांगितलं. धाकटेपणी तिच्यापुढे मिरवायला मिळालेली ही पहिलीच गोष्ट. तिनं अजून सुरू केलेला नाही. करेल तेव्हा भावजी काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय, आणि त्या वेळी मी कुणाच्या बाजूला बसणार आहे तेही ठरलंय.

तपासणी सोमवारी, नवीन पॅच लावायच्या आधी. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. ताईला लिहायचं ते त्याच्या आधीच पाठवायला हवं. एकदा आकडा हातात आला की मी तो बघून वाक्यं कमीजास्त करत बसेन.