काम संपल्यावरचा टॉम हँक्स

रविवार, रात्री उशिरा

टॉम हँक्सचा विषय निघाला की सगळे फॉरेस्ट गंपवर येऊन थांबतात, फार तर कास्ट अवे आणि तो व्हॉलीबॉल. मला गंप आवडतोच, त्याबद्दल पुढे लिहितेच, पण गेले काही दिवस त्याचे पिक्चर ओळीने परत बघतेय आणि एक गोष्ट डोक्यात इतकी पक्की बसलीय की आज लिहूनच टाकते. हा माणूस सगळ्यात भारी कधी असतो तर काम संपल्यावर. म्हणजे संकट चालू असताना तो शांत, जबाबदार, ज्याच्या भरवशावर बाकीच्यांनी राहावं असा असतो, ते तर तो झोपेतही करेल. पण संकट टळतं, आता कोणाला सांभाळायचं उरत नाही, आणि मग त्या माणसाचं शरीर सगळी वसुली करतं, ती दोन-चार मिनिटं त्याच्यासारखी मी दुसऱ्या कोणात बघितलेली नाहीत.

आज दुपारी कॅप्टन फिलिप्स लावला होता. २०१३ चा, पॉल ग्रीनग्रासचा, २००९ मध्ये सोमाली चाच्यांनी मर्स्क अलाबामा हे मालवाहू जहाज पकडलं होतं त्याची गोष्ट. बरखद अब्दी नावाचा मुलगा त्यात चाच्यांचा म्होरक्या आहे, तो अ‍ॅक्टर नव्हताच, त्याचा पहिलाच पिक्चर, आणि दिग्दर्शकाने मुद्दाम हँक्सची आणि या चाचे झालेल्या मुलांची आधी भेटच होऊ दिली नव्हती, चाचे जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, बंदुका घेऊन घुसतात तेव्हा हे पहिल्यांदा समोरासमोर आले. ते चेहऱ्यांवर दिसतंच. पण मला म्हणायचंय ते शेवटाबद्दल. फिलिप्सची, म्हणजे हँक्स झालाय त्या जहाजाच्या कॅप्टनची, चाच्यांच्या तावडीतून सुटका झालीय, अंगावरच्या कपड्यांवर रक्त आहे, बरंचसं दुसऱ्यांचं, आणि त्याला नौदलाच्या जहाजावरच्या दवाखान्यात आणलंय. तिथली बाई त्याला विचारते काय होतंय, कुठे दुखतंय, आणि याला बोलताच येत नाही. तोंड उघडतो, श्वास घेतो, शब्द अर्ध्यावर मोडतो. ती नेहमीच्या सुरात भुवईवरची जखम बघते, श्वास घ्या म्हणते, आता तुम्ही सुरक्षित आहात म्हणते, आणि हा रडत रडत तिला थँक्यू म्हणतो. घरच्यांबद्दल विचारतो. बास, एवढंच आहे.

माझी मामी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, ती शेजारी विणत बसली होती, अर्ध्याहून जास्त पिक्चर तिने बघितलाच नव्हता, पण हा सीन लागला आणि तिच्या सुया थांबल्या. म्हणाली, "अस्संच बोलावं लागतं गं. आपला आवाज चढला की पेशंट अजून बिथरतो. ही बाई खरी सिस्टर वाटते." आणि ती खरीच होती! म्हणजे नौदलातली खरीखुरी वैद्यकीय कर्मचारी, अ‍ॅक्ट्रेस नाही. हा सीन मूळ स्क्रिप्टमध्ये असा नव्हता, शूटिंगच्या वेळी विचारलं की खरं तर अशा माणसाला आधी कुठे नेतील, उत्तर आलं दवाखान्यात, मग तिथेच जाऊन ऐनवेळी केलेला आहे. पहिल्या टेकला समोर हँक्स बघून ती गडबडली, मग तिला सांगितलं की तू रोज करतेस तेच कर. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग बरोबर, शिकवून असा हात लावता येत नाही. मला वाटतं हँक्सने पण तिथे हेच केलं, त्याने सीन तिच्या हातात देऊन टाकला. एवढा मोठा स्टार आणि सीन चालवतेय ती, हा फक्त पेशंट झालाय. या कामाला त्याला ऑस्करचं साधं नॉमिनेशन मिळालं नाही, पिक्चरला सहा मिळाली, अब्दीला मिळालं (ते मिळायलाच हवं होतं), आणि याला नाही. मला याचा आजही मनापासून राग येतो.

मग मागे मागे जाऊन बघितलं तर हे सगळीकडे सापडत गेलं. सेव्हिंग प्रायव्हेट रायन, १९९८, दुसऱ्या महायुद्धातला. कॅप्टन मिलरचा, म्हणजे हँक्सचा, हात थरथरतो, हे पिक्चर सुरू झाल्या झाल्या किनाऱ्याकडे निघालेल्या बोटीतच दिसतं, पाणी पिताना, आणि तो ते कोणाला कळू नये म्हणून धडपडत राहतो. हा माणूस युद्धाआधी काय करायचा यावर त्याच्या तुकडीतल्या पोरांनी पैसे लावलेत. पुढे तुकडीतला डॉक्टर, वेड, मरतो. मिलर सगळ्यांपासून लांब जाऊन एकटा बसतो आणि रडतो, आणि ते रडणं बघण्यासारखं आहे, कारण रडता रडता तो ते थांबवायचा प्रयत्न करत असतो, उरकून टाकायचं म्हणून रडतो, कारण परत जाऊन हुकूम द्यायचेत. थोड्या वेळाने पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात तेव्हा तो शांतपणे विचारतो, पैज कितीवर गेलीय, आणि सांगतो मी शाळामास्तर आहे, इंग्लिश शिकवतो. बंदूक रोखलेली, आरडाओरडा चाललेला, आणि या एका वाक्याने सगळे गप्प. त्या वर्षी ऑस्कर रोबेर्तो बेनिनीला गेलं. असो.

कास्ट अवेमध्ये तो एका निर्जन बेटावर एकटा अडकतो, त्याबद्दल सगळे बेटाचंच बोलतात आणि मेहनत आहेच, मध्ये वर्षभर शूटिंग थांबवून त्याने पन्नासेक पौंड वजन उतरवलं, आणि तेवढ्या वेळात दिग्दर्शक झेमेकिसने तेच युनिट घेऊन दुसरा एक अख्खा पिक्चर करून टाकला. बेटावर पार्श्वसंगीत नाही, नुसता वारा आणि लाटा, ती हिंमत मला फार आवडते. पण माझा कास्ट अवे सुरू होतो तो परत आल्यावर. स्वागताची पार्टी संपलीय, लोक गेलेत, टेबलावर खेकड्याच्या तंगड्या उरल्यात. चार वर्षं हा माणूस खेकडे आणि मासे धरण्यासाठी मरत होता. तो एक तंगडी उचलतो, बघतो, ठेवून देतो. लायटर हातात घेतो, पेटवतो, विझवतो. विस्तव! ज्यासाठी हात सोलून घेतले होते ना, तो आता अंगठ्याने होतोय. चेहऱ्यावर काहीच करत नाही हो तो, ना आश्चर्य ना हसू. आणि रात्री गादी सोडून जमिनीवर झोपतो. नंतर मित्राजवळ बसून बोलतो तो लांब सीन आहे, हातात ग्लास, ग्लासात बर्फ, आणि तो म्हणतो केलीला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, मी परत एकदा गमावलं. हा सीन नसता तर पिक्चर नुसता जगण्याच्या युक्त्यांचा झाला असता असं माझं ठाम मत आहे.

सली (२०१६) त्या मानाने कोरडा आहे, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडची पद्धतच तशी, पण त्यातही हेच. १५ जानेवारी २००९, विमान हडसन नदीवर उतरवलंय, सगळे बाहेर आलेत, आणि कॅप्टन एकच विचारत फिरतोय, किती जण, आकडा काय. शेवटी कोणीतरी येऊन सांगतं, १५५. म्हणजे सगळे. तिथे हँक्स फक्त श्वास सोडतो. थिएटरमध्ये माझ्या आजूबाजूच्या लोकांनी पण सोडला होता.

आता गंप. १९९४. आदल्या वर्षीच्या फिलाडेल्फियाला एक आणि याला दुसरं अशी सलग दोन बेस्ट अ‍ॅक्टर ऑस्कर, त्याच्या आधी हे फक्त स्पेन्सर ट्रेसीने केलं होतं. (फिलाडेल्फियातला सलाइनचा स्टँड धरून ऑपेरा गायिका मारिया कॅलासचा आवाज ऐकत फिरण्याचा सीन मला हँक्सइतकाच डेन्झेल वॉशिंग्टनचा वाटतो, तो समोर बसून नुसता बघतोय पण आत काय हलतंय ते त्याच्याच चेहऱ्यावर दिसतं.) गंपमधली धावपळ, पिंगपाँग, चॉकलेटचा डबा हे सगळं ठीक, पण बुद्धीने मंद समजल्या गेलेल्या या फॉरेस्टला त्याची लहानपणापासूनची मैत्रीण जेनी सांगते हा तुझा मुलगा, तेव्हा तो घाबरून मागे सरकतो, आणि विचारतो, तो हुशार आहे का, की... आणि पुढचं बोलवत नाही. तोपर्यंत अख्खा पिक्चर आपण समजत असतो की याला स्वतःबद्दल काही कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. जन्मभर कळत होतं. आपल्याकडे आमिरने लालसिंग चढ्ढा केला, पटकथा आपल्या अतुल कुलकर्णींची, आणि रूपांतर म्हणून ते काम विचारपूर्वक केलेलं आहे, पण त्या एका प्रश्नाला हँक्स जिथे नेतो तिथे आमिर पोचत नाही, तो डोळे फार मोठे करतो.

हँक्सचं सगळंच आवडतं असं नाही. एल्विसमधला कर्नल पार्कर, म्हणजे गायक एल्विस प्रेस्लीचा मॅनेजर, मला झेपला नाही, एवढ्या मेकअपखाली आणि त्या उच्चारांखाली माणूसच सापडत नाही. दा विंची कोडमध्ये तर तो नुसता माहिती सांगत पळतोय.

आणि लोक म्हणतात ना की तो सगळीकडे सारखाच, सज्जनच, त्यांनी रोड टू पर्डिशन बघावा. २००२. (बघायचा असेल तर पुढचं वाचू नका.) त्यात तो टोळीचा मारेकरी आहे, बायको आणि धाकटा मुलगा मारले गेलेत, मोठ्या मुलाला घेऊन पळतोय, आणि अख्ख्या पिक्चरभर तो त्या मुलाशी जेमतेम बोलतो. त्याला एकच हवंय, पोरगा आपल्यासारखा होऊ नये. शेवटी गोळ्या लागून पडलाय, पोराने मारेकऱ्यावर पिस्तूल रोखलंय पण त्याच्याच्याने चालवत नाही, बापच कसाबसा गोळी घालतो. पोरगा रडत म्हणतो मला नाही जमलं. हा म्हणतो, माहितीय. मरता मरता त्याच्या तोंडावर समाधान आहे, काम झालंय त्याचं. या एका शब्दासाठी मी हा पिक्चर फिलिप्सच्या शेजारी ठेवते, आणि पुढच्या रविवारी मामीला हाच दाखवणार आहे.