लोहाओळीतल्या दुकानापासून कारखान्यांच्या छपरापर्यंत: आमची वाटचाल

2008 साली नागपुरात, इतवारीतल्या लोहाओळीत आम्ही दुकान टाकलं, तेव्हा काम साधं होतं. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, गमबूट विकायचे. गिऱ्हाईक हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या एमआयडीसीतलं. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाआधी मागणी वाढायची, मग ओसरायची. माझा मावसभाऊ आधी एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. कोणता माल कुठे चालेल, हे त्याला लगेच कळायचं.

एकदा हिंगण्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांनी ड्रिल मशीनवरच्या पोरांसाठी सुती हातमोजे मागितले. भाऊ म्हणाला, "साहेब, ड्रिलवर मोजे नका देऊ." फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा एक धागा गुंतला तरी हात आत ओढला जातो. साहेबांनी विचारलं, "मग पोरांचे हात वाचवायचे कसे?" आम्ही तिथे जाऊन पाहिलं. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, हातानं धरून भोक पाडत होते. जॉब पकडायला व्हाइस, ड्रिलभोवती गार्ड, बुरा काढायला ब्रश आणि हाताशी मशीन थांबवायचं लाल बटण, एवढं सुचवलं. मोज्यांची ऑर्डर गेली, पण त्यांनी पूर्ण शॉप तपासायला बोलावलं आणि त्याचे पैसेही दिले. आमचा आजचा धंदा तिथून सुरू झाला.

तेव्हापासून आम्ही एक क्रम पाळतो. धोका मुळातच काढून टाकता येतो का, ते आधी पाहायचं. नसेल जमत तर कमी धोक्याचं साहित्य किंवा पद्धत वापरायची. तेही शक्य नसेल तर गार्ड, कठडा, धूळ ओढणारा पंखा. मग कामाची शिस्त आणि प्रशिक्षण. हेल्मेट आणि मोजे सर्वांत शेवटी. आमचं दुकान अजून आहे, तरी गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

सर्वांत जास्त जीव लावतो तो छपरांच्या कामात. मृग लागण्याआधी सगळ्या एमआयडीसीत गळकी छपरं दुरुस्त होतात. जुने सिमेंटचे पत्रे वरून भक्कम दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. मधे उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीनं इतका माखलेला असतो की तो वेगळा ओळखूच येत नाही. पाय पडला की माणूस थेट खालच्या मशीनवर. कामगाराला बेल्ट दिलेला असतो, पण तो अडकवायला वर काहीच नसतं! म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, हे काम खालून, मचाणावरून होईल का? नसेल होत तर पत्र्यावर आडव्या फळ्या टाकायच्या, छपराच्या कैचीला, म्हणजे सांगाड्याला, बेल्ट अडकवायचा दोर (लाइफलाइन) बांधायचा, खाली जाळी लावायची आणि तेवढ्या भागातलं काम बंद ठेवायचं. मालकांना ही तयारी लांबण लावणारी वाटते. आम्ही मात्र त्याशिवाय कुणाला वर चढू देत नाही, मग काम हातचं गेलं तरी चालेल.

दुसरं काम टाक्यांचं. सांडपाण्याची टाकी, मळीची टाकी, बंद खड्डा. आत एक माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि या मदतीला धावलेल्यांचेही अनेकदा जीव जातात. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 19.5 च्या खाली असेल तर आत जायचं नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तर आणखी घातक, कारण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. म्हणून आम्ही डिलिव्हरीची गाडी घेण्याआधी चार वायू मोजणारा डिटेक्टर घेतला. टाकीच्या तोंडाशी, मधे आणि तळाशी मोजमाप, ब्लोअर चालू, लेखी परमिट, आतल्या माणसाच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस, वर तिवई आणि त्याला दोरानं वर ओढणारी विंच. बाहेरच्या माणसाला एकच काम: आत उतरायचं नाही, विंच फिरवायची.

नागपूरच्या उन्हाचा तर वेगळाच धोका. मे अखेरच्या नवतपात पारा 45 च्या वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ उभं राहवत नाही. आम्ही जड काम पहाटे आणि संध्याकाळी लावायला सांगतो, नव्या माणसाला काही दिवस कमी काम द्यायला सांगतो. शेडमधले कूलरही तपासतो. लोखंडी बॉडी, खाली पाणी, अर्थिंग नाही आणि घामानं भिजलेला हात. करंट गळू लागताच वीज तोडणारी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवायला फार खर्च येत नाही, पण ती कमी ठिकाणी दिसते.

आपल्या शहरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं केंद्रीय मुख्यालय आहे. जाणकारांची वानवा नाही. पण 1948 च्या कारखाना अधिनियमात सुरक्षा अधिकारी 1000 कामगारांपासून सक्तीचा होता, 2020 च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा 500 आणि धोकादायक प्रक्रियेसाठी 250 झाली. तीस-चाळीस माणसांच्या शेडला ती लागूच होत नाही, आणि आमचे बहुतेक गिऱ्हाईक तिथलेच आहेत. "भाऊ, इतक्या वर्षांत काही झालं नाही," असं मालक म्हणतात तेव्हा आम्ही त्यांच्याकडच्या जुन्या हेल्परशी बोलायला वेळ मागतो. कुठे हात थोडक्यात वाचला, कुठे पट्टा सुटला, हे त्यालाच ठाऊक असतं. बाहेरगावहून आलेल्या कंत्राटी पोरांना सकाळी पाच-दहा मिनिटं मशीनजवळच समजावतो, त्यांना समजेल त्या हिंदीत.

यंदापासून डिटेक्टर, तिवई आणि विंच भाड्यानं देतो, सोबत आमचा माणूस. छोट्या युनिटला विकत घेणं परवडत नाही. फोन आदल्या दिवशी करावा, कारण डिटेक्टर देण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर मोजतो का, हे तपासायला वेळ लागतो आणि ते केल्याशिवाय आम्ही तो देत नाही.