पे-स्लिपमधले ७.६५ टक्के आणि इमर्जन्सीचं बिल

ऑफर लेटर आलं त्या रात्री आई-बाबांना मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: फी माफ, दर महिन्याला स्टायपेंड आणि आरोग्य विमा. तिन्ही खऱ्या निघाल्या. पण अमेरिकेत येऊन पीएचडी सुरू केल्यावर लक्षात आलं की कागदावरची सवलत पदरात पडेपर्यंत तिचा पाठपुरावा आपणच करायचा असतो. पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

टीएचं (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यात मदतनीस) काम ऑगस्टच्या मध्यावर सुरू झालं, पहिला पगार मात्र सप्टेंबर संपताना. तोवर घरून आणलेल्या पैशांवरच भागवायचं होतं. ट्युशन माफ असली तरी दर सेमिस्टरच्या इतर फिया सुटत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

पहिली पे-स्लिप मी कौतुकाने लॅबमधल्या सीनियर ताईला दाखवली. तिने दोन ओळींवर बोट ठेवलं: सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठीचा कर) ६.२ टक्के, मेडिकेअर (ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठीचा कर) १.४५ टक्के. "हे तुझ्याकडून का कापलंय?" एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे दोन्ही कर लागू नसतात. पेरोलमध्ये माझी नोंदच चुकीची झाली होती. पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) घेऊन गेले, कापलेले पैसे पुढच्या पगारात परत आले. तिनेच आणखी एक गोष्ट सांगितली: भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना रिटर्न भरताना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, त्यामुळे त्यांचा फॉर्म बघून आपला भरू नका.

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. रात्री दोन वाजता कंबरेतून अशी कळ आली की उभं राहवेना. रूममेटने गाडीतून इमर्जन्सीत नेलं. सीटी स्कॅन झाला, मुतखडा निघाला, सकाळी गोळ्या घेऊन घरी आले. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचा लिफाफा आला. वरच ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'धिस इज नॉट अ बिल'. मी निर्धास्त झाले. चार दिवसांनी बिलही आलं, जवळपास महिन्याच्या स्टायपेंडएवढं! हॉस्पिटल विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी दर ठरलेल्यांच्या यादीत होतं, पण त्या रात्री मला तपासणारे डॉक्टर त्या यादीत नव्हते. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाने डॉक्टरचं नेटवर्क विचारायचं तरी कधी? त्या दिवशी मी खूप रडले, घरी काहीच सांगितलं नाही.

विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये विम्याचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी बिल आणि विमा कंपनीचा कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि पिवळ्या मार्करने एकच तारीख रंगवली, उपचाराची. मग शांतपणे म्हणाल्या, "पैसे भरू नकोस." १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट लागू आहे. इमर्जन्सी उपचारांसाठी नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरलाही रुग्णाकडून नेटवर्कमधल्या दरानेच वाटा घ्यावा लागतो. (रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स मात्र या कायद्यात बसत नाही. रूममेटचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.)

मग मी दोन फोन केले. बिलिंग ऑफिसला सांगितलं, क्लेमचा पुनर्विचार चालू आहे, तोवर हे खातं वसुलीला पाठवू नका. विमा कंपनीकडून प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि रेफरन्स नंबर वहीत लिहून घेतला. फोनवर नुसतीच "बघतो" अशी उत्तरं मिळाली, म्हणून लेखी अपील केलं. क्लेम नाकारल्याचं कळल्यापासून त्यासाठी १८० दिवस मिळतात. पत्र एकच पानाचं होतं: तारीख, 'इमर्जन्सी' हा शब्द, कायद्याचं नाव आणि दोन्ही कागदांच्या प्रती.

पाच आठवड्यांनी सुधारित कागद आला. माझा वाटा फक्त इमर्जन्सीचा को-पे (रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम), जो मी त्या रात्रीच भरला होता.

दात आणि डोळे आमच्या विम्यात नाहीत. त्यांची वेगळी योजना आहे आणि तिची नोंदणी सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होते. ती मुदत माझ्या हातून निसटली. अक्कलदाढ ठणकतेय, ऑगस्टची वाट बघतेय.